महागड्या देशातील काटकसर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश प्रत्येकाने लहानपणी ऐकलेला असतो. परंतु अंथरूणच परवडेनासे झाले तर काय करावे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. ते शोधण्यासाठी स्वित्झर्लंडकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. जगातील अत्यंत महाग देशांत त्याची गणना होते. तेथील पगार मोठे खरे. पण घरभाडे आणि विम्याचे हप्ते भागवल्यावर दुकानातील नोकराच्या हाती उरणारी शिल्लक बेताचीच असते.

म्हणून तेथील सामान्य माणूस हात राखून खर्च करतो. वर्षाचे शुल्क भरून तो अर्ध्या भाड्याचे रेल्वेकार्ड घेतो, जुन्या वस्तूंच्या दुकानातून सामान आणतो, आणि इमारतीतील सामाईक यंत्रावर पाळीपाळीने कपडे धुतो. सीमेलगतची कुटुंबे बाजारासाठी जर्मनीत जातात. यात त्यांचे पैसे वाचतात, पण गावातल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. १ जानेवारी २०२५ पासून सरकारने बाहेरून आणलेल्या मालावरील करमाफीची मर्यादा माणशी दिवसाला ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. एकट्याने केलेली बचत अशी दुसऱ्याच्या खर्चात पडते.

याहून टिकाऊ मार्ग सहकाराचा. १९२५ साली गॉटलीब ड्युटवायलर यांनी झुरिकमध्ये पाच मोटारगाड्यांतून कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबरेल आणि साबण या सहाच वस्तू स्वस्तात विकावयास प्रारंभ केला. उत्पादकांनी माल नाकारला, तेव्हा त्यांनी स्वतःचे कारखाने काढले. आणि १९४१ साली आपल्या ‘मिग्रो’ या व्यवसायाचे सहकारी संस्थेत रूपांतर केले. झुरिकमधील सहकारी गृहसंस्था नफा न घेता केवळ खर्चाइतके भाडे आकारतात. २०५० पर्यंत शहरातील एक तृतीयांश भाड्याची घरे ना-नफा तत्त्वावरची असावीत, असा कौल तेथील मतदारांनी २०११ साली दिला.

तथापि काटकसरीलाही मर्यादा आहे. १९९६ पासून तेथे आरोग्यविमा सक्तीचा आहे. प्रौढ व्यक्तीला वर्षाकाठी उपचारांचे पहिले ३०० ते २,५०० फ्रँक पदरचे घालावे लागतात. हा आकडा जितका मोठा निवडावा, तितका हप्ता कमी. हप्ता वाचविण्यासाठी मोठा आकडा पत्करणारा गरीब मनुष्य दुखणे अंगावर काढील, हे उघड आहे. याला काटकसर म्हणता येत नाही. हा प्रकृतीशी खेळलेला जुगार होय. मार्च २०२४ मध्ये त्याच काटकसरी मतदारांनी वृद्धांना वर्षाला तेरावे निवृत्तिवेतन मंजूर केले. मात्र विम्याच्या हप्त्यांना उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव जूनमध्ये फेटाळला.

पै-पैचा हिशेब ठेवणे हा गुण खराच. परंतु घर, औषध आणि म्हातारपण हे खर्च कोणत्याही गृहिणीच्या वहीत मावणारे नाहीत. त्यांचा भार समाजाने वाटून घेतला नाही, तर काटकसरीचा उपदेश हा गरिबाला दिलेला दोष ठरतो.