उन्हाविना स्वयंपाक

झाडे उन्हात अन्न तयार करतात आणि त्यावर सगळे जगतात, असे आपण शिकतो. पण समुद्राच्या तळाशी ऊन पोचतच नाही!

१९७७ साली 'नॉर' हे संशोधन जहाज पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांजवळ गेले. 'आल्विन' नावाच्या छोट्या पाणबुडीत बसून तिघे जण अडीच किलोमीटर खोल उतरले. मिट्ट काळोख! दिव्याच्या उजेडात बघतात तर काय, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती मोठमोठे शिंपले अन् लांबलांब नळीकृमी!

समुद्राचे पाणी तळाच्या भेगांत मुरते, ज्वालामुखीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्यात कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू असतो. त्याच्यापासून शक्ती घेऊन जिवाणू अन्न बनवतात. त्यावर बाकीच्यांचे पोट भरते.

शास्त्रज्ञ गेले होते झरे शोधायला, जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. सापडले मात्र उन्हाविना चालणारे स्वयंपाकघर! आहे की नाही गंमत?