घरगुती चलच्चित्रें आणि तबकडी

श्रावणांत नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारीं खानदेशांत घरोघर कानबाई बसते. रात्रभर अहिराणी गाणीं होतात आणि सोमवारीं सकाळीं वाजतगाजत विसर्जन होतें. कांहीं वर्षांपूर्वीं धुळ्यास मावशीच्या घरचें असें एक जागरण आम्हीं उत्तम कॅमेऱ्यानें टिपलें व जळगांवच्या नातलगांसाठीं त्याची डीव्हीडी करून घेतली. पाहतों तों मावशीचा चेहरा मेणासारखा पुसट, समईभोवतीं चौकोनी ठिगळें आणि प्रत्येक हालचालीस झटके! मूळ फाइल तर जागा मोकळी करण्याच्या भरांत पुसली गेली होती. मावशी आज नाहीं. असा प्रसंग आपणांवर येऊं नये, म्हणून हा दोष कोठून येतो तें आज सांगतों.

उच्च दर्जाच्या चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असतात. म्हणजे सुमारें वीस लाख. आपल्याकडील पद्धतीच्या डीव्हीडींत ते ७२० व ५७६. म्हणजे सुमारें चार लाख. पांचांतील चार बिंदु येथेंच जातात व ते कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहींत. मात्र उरलेलें चित्र नीट राखणें आपल्या हातीं आहे.

पहिली गोष्ट जागेची. साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट माहिती मावते. तीवर एकच तास भरल्यास प्रत्येक सेकंदाच्या वांट्यास सुमारें १० मेगाबिट येतात. डीव्हीडीची परमावधीहि जवळजवळ तितकीच आहे. दोन तास भरल्यास वांटा निम्मा होतो, चार तास भरल्यास चौथाई. अंधुक खोली, हलती ज्योत, थरथरता हात यांनीं प्रत्येक चित्र आधींच्या चित्राहून निराळें होतें आणि त्याला माहिती अधिक लागते. ती न मिळाली कीं ठिगळें पडतात. तेव्हां जागरणासारखा प्रसंग एका तबकडीवर तासभरच घ्यावा. फार तर दीड तास.

दुसरी गोष्ट रूपांतराची. काटछाट मूळ दर्जांतच करावी आणि रूपांतर अगदीं शेवटीं, एकदांच करावें. प्रत्येक नव्या रूपांतरांत कांहीं ना कांहीं झिजतें. संगणकावर दोन फेऱ्यांची पद्धत निवडावी. पहिल्या फेरींत तो चित्र तपासतो, दुसरींत जेथें हालचाल अधिक तेथें अधिक माहिती देतो. चित्राचें प्रमाण १६:९ ठेवावें, नाहींतर माणसें उंच व किडकिडीत दिसतात. मोबाइल बहुधा सेकंदास ३० चित्रें घेतो, आपली डीव्हीडी २५ दाखविते. झटक्यांचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. कॅमेऱ्यांत सोय असल्यास आधींच २५ किंवा ५० ठेवावीं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ज्यांच्याजवळ साधनें आहेत त्यांनीं ब्लू-रे तबकडी करावी. तिच्या एका थरांत २५ गिगाबाइट मावतात आणि १९२० व १०८० हे बिंदु जसेच्या तसे राहतात. नाहींतर मूळ फाइलच तबकडीवर उतरवावी. ती संगणकावर चालते, दर्जाहि घटत नाहीं. मात्र घरीं लिहिलेल्या बहुतेक तबकड्यांत रंगद्रव्य असतें व तें ऊन व उष्णता यांनीं बिघडतें. जळगांवचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो; म्हणून तबकडी खिडकीशीं न ठेवतां कपाटांत, थंड व काळोख्या जागीं उभी ठेवावी.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. त्यांनीं मिळविलेल्या साधनांचे कित्येक खंड तोंवर छापून निघाले होते. तरी त्यामुळें मूळ कागदांची किंमत उणी झाली नाहीं. १९२७ सालीं धुळ्यांत त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें व त्यांचा संग्रह तेथें जपला गेला. आपल्या घरच्या दप्तरासहि हाच न्याय लावावा. तबकडी ही पाहण्याची प्रत; मूळ फाइल हा अस्सल कागद. तो दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावा, आणि तबकडी शेवटपर्यंत पाहिल्यावांचून, किंबहुना पाहिल्यावरहि, पुसूं नये.