पीजीसीईचा अर्ज: ऐकीव काय, खरं काय

नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेलेल्या, मुलं शाळेत रमल्यावर पुन्हा कामाचा विचार करणाऱ्या मराठी बायकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘इथे प्रायमरी टीचर होता येईल का?’ उत्तर बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळतं आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. कुणी सांगतं, बीएड आहे ना, मग झालंच. कुणी सांगतं, आपल्या उच्चाराला कोण घेणार? एकीचं वर्ष वाया जातं, दुसरी अर्जच करत नाही. दुसरीचं नुकसान मला जास्त लागतं, कारण अशा अनेक जणी उत्तम शिक्षिका होऊ शकतात.

पुढे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये पीजीसीई नसून पीजीडीई असतं. तिथले आणि वेल्समधले अर्ज ‘युकास’ या केंद्रीय अर्जसेवेमार्फत जातात. इंग्लंडचे अर्जही पूर्वी युकासकडे जायचे. आता ते शिक्षण खात्याच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेतून करायचे असतात. जुन्या माहितीवर विसंबणारे पहिली ठेच इथेच खातात.

सगळ्यात मोठा गोंधळ पीजीसीई आणि क्यूटीएस यांचा. लोक ही दोन नावं एकाच अर्थानं वापरतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूटीएस म्हणजे ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा, स्थानिक प्रशासनाच्या शाळांत वर्गशिक्षक म्हणून कायम काम करायला लागतो तो. पीजीसीई ही विद्यापीठाची शैक्षणिक पात्रता. तिच्यात बऱ्याचदा एमएच्या पातळीचे ६० क्रेडिट मिळतात. काही अभ्यासक्रम नुसता क्यूटीएस देतात, बरेचसे दोन्ही देतात. इंग्लंडमध्येच शिकवायचं असेल तर क्यूटीएस पुरतो. पुढे दुबई किंवा सिंगापूरला जायचा विचार असेल तर पीजीसीई जोडीला असलेली बरी. अभ्यासक्रम निवडताना वयोगटही नीट वाचा: ३ ते ७, ५ ते ११, ७ ते ११ असे वेगवेगळे असतात. ‘अर्ली इयर्स’ नावाचा एक वेगळा मार्गही आहे. त्यातून मिळणारा दर्जा क्यूटीएस नव्हे. नावं सारखी दिसतात म्हणून चुकून तिकडे अर्ज करू नका.

‘भारतातलं बीएड किंवा डीएड आहे, म्हणजे थेट मान्यता मिळेल.’ हा गैरसमज अर्ध्या सत्यावर उभा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो, एवढं खरं. पण भारतातून आलेल्यांसाठी त्यात अट आहे: ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा वर्षं पहिली-दुसरी शिकवलेल्या बाईंना या दारातून आत जाता येत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे. त्यांच्यापुढे पीजीसीई किंवा वेतन घेत प्रशिक्षण हे मार्ग उरतात. इंग्लंडमध्ये बिनक्यूटीएस शिकवण्याचा पुरेसा अनुभव जमला, तर ‘असेसमेंट ओन्ली’ नावाचा, नवं प्रशिक्षण न घेता मूल्यमापन करून घेण्याचा मार्गही असतो. दहा वर्षांचा अनुभव मात्र वाया जात नाही. मुलाखतीत तोच तुमचं सर्वांत मोठं भांडवल ठरतो.

पदवी शिक्षणशास्त्राची किंवा इंग्रजीचीच हवी, असंही मानलं जातं. प्राथमिकसाठी पदवी कुठल्याही विषयाची चालते. बीकॉम चालतं, इंजिनिअरिंग चालतं. परदेशी पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची असल्याचं ‘यूके एनिक’चं पत्र मात्र काढावं लागतं. कायद्यानं पदवी पुरेशी असली, तरी संस्था आपापला दर्जा ठरवतात. बहुतेकांना किमान ब्रिटिश ‘टू-टू’ वर्गाच्या तोडीची पदवी हवी असते.

लोक अडतात ते पदवीवर नव्हे, दहावीवर. प्राथमिकच्या उमेदवाराकडे इंग्रजी, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांत जीसीएसईच्या (तिथल्या दहावीच्या) ग्रेड ४ च्या तोडीचे गुण असावे लागतात. माध्यमिकला विज्ञानाची अट नाही, प्राथमिकला आहे, कारण प्राथमिकचा शिक्षक सगळेच विषय शिकवतो. एमए झालेल्या माणसाला वाटतं, दहावीचं आता कोण विचारतंय? तेच विचारतात! आणि ती गुणपत्रिका सांगलीच्या घरी कपाटात, आईच्या साड्यांखाली असते. एसएससी बोर्डाचे कोणते गुण चालतील, ते प्रत्येक संस्था ठरवते, म्हणून अर्जाआधी ईमेल करून लेखी विचारा. इंग्रजीबाबत बहुधा जास्त चौकशी होते. एखाद्या विषयाचे गुण मान्य झाले नाहीत, तरी जीसीएसईला बसावंच लागतं असं नाही. बऱ्याच संस्था समकक्ष परीक्षा स्वीकारतात आणि ती काही आठवड्यांच्या तयारीनं देता येते. पूर्वी सगळ्यांना द्यावी लागणारी अंकगणित आणि भाषेची सरकारी ‘स्किल्स टेस्ट’ २०२० मध्येच बंद झाली. तिच्या तयारीची पुस्तकं अजून कुणी देऊ केली तर घेऊ नका.

कागदपत्रांचा आणखी एक त्रास खास आपला आहे. लग्नाआधी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. काहींचं तर पहिलं नावही बदललेलं असतं. गुणपत्रिकेवर एक, पदवीवर तेच किंवा दुसरं, पासपोर्टवर तिसरं. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस नावाची चौकशी होते. तिच्यात आजवर वापरलेली सगळी नावं द्यावी लागतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच हाताशी ठेवा. भारतात राहिलेल्यांकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही बहुतेक ठिकाणी मागतात आणि त्याला वेळ लागतो.

आता उच्चाराबद्दल. हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो माणसाला आतून खातो. इंग्लंडच्या शिक्षकांसाठीचे ‘टीचर्स स्टँडर्ड्स’ २०१२ पासून लागू आहेत. त्यांत स्पष्ट बोलणं आणि प्रमाण इंग्रजीचा अचूक वापर यांची अपेक्षा आहे. मराठी वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्याला बंदी कुठेही नाही. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशी मुलं जिथे वर्गात भरपूर आहेत, तिथे दोन-तीन भाषा जगलेली शिक्षिका ही जमेची बाजूच ठरते.

मात्र एका ठिकाणी आपल्याला खरोखरच जीभ नव्यानं वळवावी लागते: फोनिक्स. इंग्लंडमध्ये वाचनाची सुरुवात ‘सिंथेटिक फोनिक्स’नं होते आणि पहिलीतल्या मुलांची त्याची तपासणी २०१२ पासून देशभर होते. मुलांना अक्षराचं नाव आधी शिकवत नाहीत, ध्वनी शिकवतात. ‘एस’ नाही, तर ‘स्स्स्’. आपल्याकडे बाराखडीत ‘स’ म्हणताना मागून ‘अ’ आपोआप येतो. तसाच तो फोनिक्समध्ये आला की मूल ‘सॅट’ हा शब्द ‘स-अॅ-ट’ असा जोडू पाहतं आणि अडखळतं. ‘अ’चं शेपूट कापून नुसतं ‘स्’, ‘म्’, ‘ट्’ म्हणता आलं पाहिजे. ‘ब्’ आणि ‘ड्’ तर फारच अवघड, कारण त्यांच्यामागे थोडा ‘अ’ डोकावतोच. तो जितका आखूड करता येईल तितका करायचा. पण ध्वनी सुटा करून पुन्हा जोडायचा, हे जोडाक्षरं शिकलेल्या माणसाला परकं नाही. चार-पाच दिवस जवळच्या शाळेत बसून हे पाहा. मुलाखतीत नुसतं ‘मला मुलं आवडतात’ म्हणण्यापेक्षा ‘त्या मुलानं शब्द तोडला पण जोडला नाही, तेव्हा शिक्षिकेनं असं केलं’ हे सांगणं कितीतरी पटींनी वजनदार ठरतं.

शाळेतला अनुभव अनिवार्य आहे का? कायद्यानं नाही. पण बऱ्याच संस्था मुलाखतीत त्याच्यावरच प्रश्न विचारतात. टीए (वर्गातली मदतनीस) म्हणून नोकरी नसली तरी हरकत नाही. शाळेत वाचन ऐकायला जाणारे पालक-स्वयंसेवक असतात, मराठी मंडळाच्या शनिवारच्या शाळेत शिकवणारे असतात. त्या शाळेला लोक ‘आपलं घरचं काम’ समजतात आणि अर्जात लिहितच नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला मराठी वाचायला लावणं हे अध्यापनच आहे, तिकडे वाढलेल्या मुलाला तर अधिकच.

नोकरीतल्या खंडाचीही अशीच भीती असते. मुलं लहान म्हणून सहा वर्षं घरी होतो, तर ते तसंच लिहायचं. अर्जात खंडाचं कारण विचारतात ते मुलांच्या सुरक्षिततेसाठी, कमीपणा दाखवण्यासाठी नव्हे. वयाची वरची मर्यादाही नाही.

अर्जाबरोबर वैयक्तिक निवेदन जातं, कमाल १,००० शब्दांचं. एका वेळी चार अभ्यासक्रम निवडता येतात. सगळीकडून नकार आला तरी त्याच वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, म्हणजे एक नकार आला की वर्ष गेलं असं होत नाही. ‘शेवटची तारीख कधी?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. अर्ज ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि जागा भरेपर्यंत घेतले जातात. प्राथमिकच्या जागा लवकर भरतात. आपल्याकडच्या कॅप राउंडसारखी गुणवत्ता यादी इथे लागत नाही.

मुलाखतीत एखादी गोष्ट वाचून दाखवायला सांगतात, लिहून घेतात, गटात चर्चा ठेवतात. जवळजवळ नक्की येणारा एक प्रश्न आहे: एखादं मूल म्हणालं, ‘कुणाला सांगू नका, पण घरी मला मारतात,’ तर काय कराल? आपल्या स्वभावानुसार आपण म्हणू, ‘नाही सांगणार हं बाळा.’ हे उत्तर चुकीचं आहे. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि शाळेत या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीला लगेच कळवायचं. पालकांना स्वतःहून फोन करायचा नाही.

पैशांबद्दल सर्वांत जास्त चुकीचं बोललं जातं. ‘शिक्षक व्हायला सरकार पैसे देतं’ हे भौतिकशास्त्र आणि गणिताच्या माध्यमिक शिक्षकांबाबत खरं आहे. सर्वसाधारण प्राथमिकला अलीकडच्या वर्षांत बर्सरी नाही. इंग्लंडमधल्या रहिवाशांसाठी २०२५-२६ ची कमाल फी ९,५३५ पौंड आहे. तिच्यासाठी विद्यार्थी कर्ज मिळतं आणि आधीची पदवी किंवा एमए असलं तरी ते नाकारलं जात नाही. पण ‘तीन वर्षं राहिलो की होम फी’ हे अर्धंच खरं आहे. तीन वर्षांच्या वास्तव्याबरोबर कायम राहण्याचा हक्कही लागतो. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या बाईला शिकायला बंदी नाही, पण कर्ज मिळत नाही आणि फी बहुधा परदेशी विद्यार्थ्याची लागते. कायम वास्तव्याचा परवाना वर्ष-दीड वर्षावर आला असेल, तर थांबून शाळेत टीए म्हणून काम करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि पुण्याहून विद्यार्थी व्हिसा काढून जाणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं, की जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला नवरा-बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत.

वर्ष सुरू झालं की किमान १२० दिवस शाळेत जातात, निदान दोन वेगवेगळ्या शाळांत. ‘पीजीसीई म्हणजे कॉलेजचं एक वर्ष’ या समजुतीनं घरची व्यवस्था न लावता जे येतात, त्यांची नाताळपर्यंत दमछाक होते. सकाळी साडेसातला शाळेत, संध्याकाळी पाठ टाचण, रात्री निबंध. मुलांना शाळेतून आणणार कोण, हे अर्ज करतानाच घरात ठरवून घ्या.

कुठे अडलात, तर ग्रुपवर विचारण्याआधी शिक्षण खात्याच्या ‘गेट इंटू टीचिंग’ सेवेकडे सल्लागार मागा. अटी बसत असतील तर तो विनामूल्य मिळतो. निवेदन वाचून त्यावर सूचना देणं हेही त्याच्या कामात येतं.