सरकत्या बाकावरचे दोन व्यायाम

भिलाईनजीक चरोदा येथे रेल्वेचे विस्तीर्ण यार्ड आहे. पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या मालगाड्यांचा राबता तेथे अहोरात्र चालू असतो. यार्डातील रुळांवर उभ्या असलेल्या वाघिणींकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. रिकामी वाघीण किंचित उंच उभी असते. भरलेली वाघीण चाकांवरच्या जाड पोलादी स्प्रिंगा दाबून खाली बसलेली असते. स्प्रिंग एकाच वेळी दोन कामे करीत असते. ती भाराला विरोध करते आणि तोच भार सावरूनही धरते. माणसाच्या शरीराला वळण लावण्यासाठी याच साध्या वस्तूचा उपयोग करणाऱ्या दोन व्यायामपद्धतींची चर्चा अलीकडे आपल्याकडील शहरांतही ऐकू येऊ लागली आहे. एक पिलाटिसची आणि दुसरी लाग्रीची. दोहोंत सरकते बाक आहे, दोहोंत स्प्रिंगा आहेत, दोहोंत उड्या किंवा धावणे नाही. त्यामुळे दुसरी पद्धत म्हणजे पहिलीचीच थोडी कठीण आवृत्ती, असा समज सहज होतो. हा समज पुरता बरोबर नाही, आणि त्यावर विसंबून निवड करणाऱ्याच्या पाठीला किंवा गुडघ्याला त्याची किंमत मोजावी लागण्याचा संभव असतो.

जोसेफ पिलाटिस हा जर्मन गृहस्थ १८८३ साली जन्मला. लहानपणी तो दमा आणि मुडदूस यांनी ग्रासलेला होता. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले. आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीत अंथरुणाला खिळलेल्या सोबत्यांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा बांधल्या आणि पडल्यापडल्या हातपाय हलविण्याची सोय करून दिली, अशी कथा सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्याच्या यंत्राचा स्वभाव तिच्यातून नेमका कळतो. ते यंत्र मुळात दुबळ्याला आधार देण्याच्या कल्पनेतून निघाले आहे. १९२६ साली तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये पत्नी क्लारा हिच्यासह त्याने व्यायामशाळा चालविली. जॉर्ज बॅलन्शाइन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यक्षेत्रातील धुरीणांचा तिच्याशी संबंध आला. दुखावलेले नर्तक तेथे येत आणि पुन्हा रंगमंचावर उभे राहात. पिलाटिस स्वतः आपल्या पद्धतीला ‘कंट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे म्हणे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर, सतरंजीवर करावयाचे ३४ व्यायाम दिलेले आहेत. १९६७ साली तो वारला. त्याचे आडनाव ही कोणा एकाची व्यापारी मालमत्ता नसून व्यायामप्रकाराचे सर्वसाधारण नाव आहे, असा निर्णय न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली दिला, आणि त्यानंतर हे नाव जगभर मोकळेपणाने वापरले जाऊ लागले.

त्याच्या प्रमुख यंत्राला ‘रिफॉर्मर’ म्हणतात. खाटेएवढी एक चौकट, तिच्यात चाकांवर पुढेमागे सरकणारे गादीचे बाक, बाक एका टोकाला ओढून धरणाऱ्या चार-पाच स्प्रिंगा, पाय टेकण्यासाठी आडवी दांडी आणि हातापायांत अडकविण्यासाठी दोर, एवढाच त्याचा संसार. ताणाच्या प्रमाणात स्प्रिंगेचा जोर वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला होता. हातातील वजन उचलताना आरंभापासून अखेरपर्यंत तेवढेच राहते. स्प्रिंगेचा विरोध मात्र बाक जितके दूर जाईल तितका वाढत जातो. परंतु खरी गंमत परतीच्या प्रवासात आहे. ताणलेली स्प्रिंग बाकाला झटक्याने माघारी खेचू पाहते, आणि व्यायाम करणाऱ्याने त्याला तसे जाऊ द्यायचे नसते. बाक खाडकन आदळले की शिक्षक समजतो, नियंत्रण सुटले. हालचाल थोडी असावी, आवर्तने मोजकी असावीत, श्वास हालचालीशी जुळलेला असावा आणि पोटाच्या व कमरेच्या खोल स्नायूंनी मेरुदंड सांभाळलेला असावा, एवढ्यावर या पद्धतीचा सारा भर आहे.

नवशिक्याला चकविणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. स्प्रिंगा कमी केल्या की व्यायाम सोपा होतो, असे त्याला वाटते. पाठीवर निजून पायांनी दांडी रेटताना ते खरे आहे. पण हात स्थिर फळीवर आणि पाय सरकत्या बाकावर ठेवून शरीर आडवे तोलून धरले, म्हणजे उलट घडते. बाक मागे घसरू पाहते आणि त्याला आवरण्यास स्प्रिंगांची मदत असते. त्या काढल्या तर सगळा भार एकट्या पोटावर आणि खांद्यांवर येऊन पडतो. स्प्रिंग येथे मदतनीस आहे. ती जितकी हलकी तितकी मदत कमी.

लाग्रीची पद्धत याच यंत्रापासून निघाली. सेबास्त्यां लाग्री हा मूळचा फ्रेंच. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे तो पिलाटिस शिकवीत असे. आपल्या शिष्यांना अधिक श्रमाचा व्यायाम हवा आहे असे त्याला दिसून आले, आणि शरीरसौष्ठवाच्या तालमीतील तत्त्वे त्याने सरकत्या बाकावर आणली. त्याचे ‘मेगाफॉर्मर’ नावाचे यंत्र रिफॉर्मरहून मोठे असून त्याच्या दोन्ही टोकांना स्थिर फळ्या आणि अनेक मुठी आहेत, त्यामुळे एका आसनातून दुसऱ्यात काही क्षणांत जाता येते. नियम कडक आहेत. प्रत्येक हालचाल अतिशय संथ, जाताना निदान चार मोजावेत आणि येताना चार. स्नायूवरचा ताण मध्येच सुटू द्यावयाचा नाही. एकाच स्नायुगटाला मिनिट-दोन मिनिटे जुंपून तो थकेपर्यंत सोडावयाचे नाही. आणि विश्रांती जवळजवळ नाहीच. पिलाटिसमध्ये दमण्यापूर्वी थांबतात. लाग्रीत दमणे हेच साध्य असते. स्प्रिंग तीच, पण येथे ती प्रतिस्पर्धी झाली आहे.

संथपणाने एवढे काय होते, हे पाहण्यासाठी यंत्राचीही गरज नाही. तालमीत वाढलेला माणूस वीस बैठका सहज सपाट्याने मारतो. त्यालाच चार मोजीत खाली जा आणि चार मोजीत वर ये असे सांगितले, तर पाचव्या-सहाव्या बैठकीला त्याच्या मांड्या थरथरू लागतात. वेगाने बैठक मारताना खालच्या टोकाला शरीर चेंडूसारखे किंचित उसळते आणि ती उसळी पुष्कळसे काम करून टाकते. वेग काढून घेतला की ही उसनवारी बंद होते. संथ हालचालीने फक्त ‘संथ तंतू’च कामाला लागतात, हे लाग्रीच्या प्रचारात ऐकू येणारे विधान मात्र अपुरे आहे. प्रथम लहान, चिवट तंतू कामाला लागतात हे खरे. परंतु ते थकत जातात तसतसे शरीर मोठ्या, जोरकस तंतूंनाही हाक मारते. थकवा येईपर्यंत चालू ठेवण्यात लाभ आहे तो यामुळे. स्नायू थरथरणे हे केवळ थकव्याचे लक्षण होय. जितकी थरथर अधिक तितका फायदा अधिक, असा हिशेब कोणी मांडू नये.

दोन्ही पद्धतींना ‘सौम्य आघाताच्या’ म्हणतात, आणि येथेच शब्दाने घोटाळा होतो. धावताना पाऊल जमिनीवर पडते त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. तो धक्का सरकत्या बाकावर नाही. परंतु धक्का नाही म्हणजे भार नाही असे नव्हे, आणि श्रम नाहीत असे तर मुळीच नव्हे. एक गुडघा वाकवून दोन मिनिटे संथ खालीवर करणाऱ्याच्या वाटीवरील दाब पुष्कळ असतो. ज्याचे गुडघे आधीच कुरकुरत आहेत त्याने ‘सौम्य’ या शब्दाने हुरळून जाऊ नये.

आपल्या परंपरेत या दोन वृत्ती नवीन नाहीत. जोर, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब यांची तालीम दमसासाची परीक्षा घेते. लाग्रीचे गोत्र तिच्याशी जुळते. पिलाटिसचा जवळचा आप्त शोधायचा तर पुण्यास जावे लागेल. बी. के. एस. अय्यंगार हेही लहानपणी क्षय आणि हिवताप यांनी खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्यास योग शिकविण्यासाठी आले आणि २०१४ साली तेथेच निवर्तले. १९७५ साली उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत भिंतीवरचे दोर, पट्टे, लाकडी विटा, बाके यांचा उपयोग करून, ज्याला आसन जमत नाही त्यालाही ते घेऊन त्यात टिकून राहता येईल, अशी योजना त्यांनी केली. पिलाटिसची स्प्रिंग आणि अय्यंगारांची वीट यांचे काम एकच: उणे असेल तेवढे भरून काढणे. फरक एवढाच की वीट हलत नाही.

पुराव्याच्या दृष्टीने पाहता पिलाटिसची बाजू अधिक तपासलेली आहे. कंबरदुखीसंबंधीच्या १० प्रयोगांचा, एकूण ५१० रुग्णांचा, कोक्रेन संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. काहीच विशेष उपचार न करण्यापेक्षा पिलाटिसने वेदना कमी होतात असे त्यात दिसले. पण इतर व्यायामांपेक्षा ते श्रेष्ठ आहे असे सिद्ध झाले नाही. लाग्री वयाने लहान आहे आणि तिच्यावरील संशोधनही त्याच मानाने थोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगितला आहे. लाग्री यांपैकी दुसरी अट निःसंशय भागविते, पिलाटिस बऱ्याच अंशी भागविते. पण चालणे किंवा सायकल यांची जागा दोहोंपैकी कोणीही घेऊ नये.

मग चरोद्याच्या माणसाने काय करावे? यार्डात दिवसभर खडीवरून चालणाऱ्या, वजने उचलणाऱ्या कामगाराला श्रमांची वाण नाही. त्याची कंबर आखडलेली असते, आणि त्याला लाभेल ते पिलाटिसचे नियंत्रण. तासन्‌तास आसनावर बसून इंजिन चालविणाऱ्याची किंवा कचेरीत बसणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने आधी काही आठवडे शरीर सावरण्यास शिकावे आणि मग दमणुकीच्या व्यायामाकडे वळावे. यंत्रे महाग आहेत आणि बहुधा मोठ्या शहरांतच आढळतात. पण पिलाटिसच्या ३४ व्यायामांना सतरंजीखेरीज काही लागत नाही. लाग्रीची थोडी चव घ्यावयाची असेल तर गुळगुळीत फरशीवर एका पायाखाली जाडसर फडके ठेवावे, भिंतीला हात लावावा आणि तो पाय चार मोजीत मागे सरकवून चार मोजीत परत आणावा. आठ-दहा वेळांत अंदाज येतो.

हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी मात्र पिलाटिसमधील पाठीचा कणा गोल करून लोळण्याचे व्यायाम वगळावेत, कारण मणक्यांवर त्याने विपरीत दाब येतो. रक्तदाब असणाऱ्याने लाग्रीसारख्या व्यायामात श्वास कोंडून धरू नये. कोंडलेल्या श्वासाने दाब झपाट्याने चढतो. गरोदर स्त्रियांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून बाकावर चढू नये. संथ परतीच्या हालचालींनी स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात, म्हणून त्याच स्नायूंना लागोपाठच्या दिवशी पुन्हा जुंपणे बरे नव्हे. व्यायामशाळेत नाव घालण्यापूर्वी शिक्षकाला एवढेच विचारावे की, या व्यायामाला इतक्याच स्प्रिंगा का लावल्या. ज्याला विषय कळला आहे तो आधी व्यायाम करणाऱ्याच्या पाठीकडे पाहील आणि मग उत्तर देईल.