प्रवर्तकाची जबाबदारी : विमा नाही, तर लढत नाही

अमेरिकेच्या १९९६ च्या संघीय कायद्यानुसार व्यावसायिक मुष्टियुद्ध भरवणाऱ्या प्रवर्तकाला प्रत्येक खेळाडूचा आरोग्य विमा काढावाच लागतो. रिंगपाशी डॉक्टर हवा, हेही त्यातच आले. विम्याची किमान रक्कम मात्र त्या कायद्यात नाही. ती राज्यांवर सोडली गेली, आणि सगळी ढिलाई तिथेच शिरली.

२ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील लढतीनंतर रशियाचा हेवीवेट मागोमेद अब्दुसलामोव्ह रुग्णालयात पोहोचला तो टॅक्सीने. मेंदूत रक्त साकळले होते. जीव वाचला, पण तो कायमचा परावलंबी झाला. २०१७ मध्ये राज्याने कुटुंबाला २.२ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

त्याआधी २०१६ मध्येच मिश्र मार्शल आर्ट्सला परवानगी देताना न्यूयॉर्कने नियम कडक केले होते. उपचारांसाठी किमान ५० हजार डॉलर, मृत्यू झाल्यास ५० हजार आणि मेंदूच्या जीवघेण्या दुखापतीसाठी तब्बल १० लाख. हप्ता झेपत नाही म्हणून छोट्या प्रवर्तकांनी ओरड केली. काही महिने तिथे व्यावसायिक मुष्टियुद्ध जवळपास थांबले. त्यांची अडचण खरी होती. तरी मेंदूची शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि पुढची अनेक वर्षांची शुश्रूषा यांचा खर्च पाहता १० लाखांचा आकडा मला अवाजवी वाटत नाही.

प्रेक्षकांच्या इजेसाठी काढलेला दायित्व विमा वेगळा. त्यातून खेळाडूचे बिल भागत नाही.