चाक केवढं, चकती केवढी?

ऊसतोडीच्या हंगामात बेलापूर-श्रीरामपूर रस्त्याला थोडा वेळ उभं राहिलं, की चाकांचं प्रदर्शनच बघायला मिळतं. ट्रॅक्टरचं पुरुषभर उंचीचं मागचं चाक, ट्रॉलीचं त्याहून बरंच लहान, आणि बैलाच्या टायरगाडीचं जुन्या मोटारीचं काढून बसवलेलं. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, त्या काळात लोखंडी धाव बसवलेली मोठी लाकडी चाकं याच भागात फिरत. ती मोठी होती याला कारण होतं. खड्डा आला तर मोठं चाक त्यात कमी उतरतं, आणि आसाशी होणारं घर्षणही बैलांना कमी जाणवतं. टायरगाडीत बेअरिंग आलं, हवा भरलेलं रबर आलं, आणि चाक लहान झालं तरी चालू लागलं. ब्रेक मात्र दोन्ही गाड्यांना बहुधा नसतोच. उतारावर गाडी बैलांनी मानेवर तोलायची, आणि थांबली की चाकाला उटी लावायची.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. त्याने जुनी छोटी मोटार घेतली आणि महिन्याभरात तिला स्पोर्ट्स कारसारखी रुंद चाकं बसवून आणली. “मामा, आता गाडी कशी रस्त्याला चिकटते बघा!” असं म्हणत तो आम्हाला मुंबईला घेऊन निघाला. कसारा घाट निम्मा उतरला आणि जळका वास यायला लागला. मग ब्रेकचा पेडल मऊ पडला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा तो जवळजवळ तळाला गेला. दुसरा गिअर टाकून कशीबशी गाडी कडेला घेतली. चाकं पांढरीशुभ्र चकाकत होती, आतली ब्रेकची चकती मात्र पूर्वीचीच, थाळीएवढी.

आधी चाकाचा हिशेब करू. टायरच्या कडेला १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. आर म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबायची बुद्धी कुणाला झाली कोण जाणे; पण सातवीच्या वर्गाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत १३२ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा, म्हणजे २६४. एकूण व्यास सुमारे ६२० मिमी.

आता १८५/६५ आर १५ घ्या: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५. आणि १९५/५५ आर १६: ४०६.४ अधिक २१४.५, म्हणजे ६२१. रिम वाढत गेली, भिंत बुटकी होत गेली, बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. स्पोर्ट्स कारचं चाक मोठं दिसतं ते असं. रिम मोठी केली की आत मोठी चकती मावते, आणि बुटकी भिंत वळणावर कमी लवते. त्याची किंमतही मोजावी लागते. खड्ड्याचा दणका झेलायला रबर कमी उरतं आणि रिम वाकते. आपल्या रस्त्यांवर हा सौदा मला तरी पटत नाही.

भाच्याने बसवले होते २०५/६५ आर १५, ‘जाड दिसतात’ म्हणून. त्यांचा व्यास ६४७.५ येतो, मूळच्यापेक्षा साडेचार टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, व्यास नाही. त्यामुळे जिथे तो पूर्वी बरोबर ८० दाखवायचा, तिथे आता खरा वेग ८३ च्या पुढे. शिवाय चकतीवरची पकड तेवढीच, पण रस्ता आसापासून दूर गेला. आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर. अंतर वाढलं की रस्त्यावर मिळणारं रोधक बल तेवढ्याच प्रमाणात घटतं. पण घाटातला पेडल या चार टक्क्यांनी मऊ पडला नव्हता. तो पडला उष्णतेने.

माणसांसकट १३०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे ५ लाख ज्यूल. थांबताना वजन पुढे झुकतं, म्हणून यातला सुमारे ७० टक्के भाग पुढच्या दोन चकत्यांवर येतो असं धरू, म्हणजे प्रत्येकी पावणेदोन लाख. एक किलो ओतीव लोखंड एक अंशाने तापायला साधारण ५०० ज्यूल लागतात. तेव्हा ५ किलोची चकती एका दमात ७० अंशांनी तापेल, १० किलोची ३५ अंशांनी. वेग २०० असेल तर ऊर्जा चौपट होते आणि लहान चकती २८० अंशांनी चढते. शर्यतीत असे ब्रेक एकामागून एक लागतात. म्हणून तिथे चकती मोठी, आणि दोन थरांत हवा खेळेल अशी पोकळी ठेवलेली. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून जिंकली, त्यात हे उष्णतेचं गणित मोठं होतं. बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते, उघड्या चकतीवरून ती वाऱ्याला जाते.

मोठी चकती लावली की गाडी लवकर थांबते, असा मात्र समज आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. जोरात दाबल्यावर चाक जाम होण्याइतका जोर साध्या ब्रेकमध्येही असतो. त्यापुढे किती अंतरात थांबायचं हे टायर आणि रस्ता ठरवतात. घर्षणांक ०.८ धरला तर १०० च्या वेगातून थांबायला सुमारे ५० मीटर लागणारच. मोठी चकती दहाव्यांदाही पहिल्यासारखंच थांबवते, तिचं काम ते.

आता घाट. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना सुमारे ३०० मीटर उंची कमी होते. १३०० गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे ३८ लाख ज्यूल. २०० च्या वेगातून एकदा थांबण्याच्या जवळजवळ दुप्पट! ही ऊर्जा हळूहळू सुटते, वारा चकतीला निववतोही; पण पाय सतत पेडलवर ठेवला तर निवायला उसंत मिळत नाही. लहान गिअरमध्ये उतरलं, तर यातला मोठा वाटा इंजिन स्वतःच गिळतं.

पेडल मऊ का पडला, तेही सांगतो. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं कोरं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल धरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. तापलेल्या पॅडमागचं तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तिलाच दाबत राहतो आणि चकतीपर्यंत काही पोचत नाही.

वर्गात दाखवायला सायकल पुरते. तिच्या रिमवर दोन रबरी ठोकळे आवळले जातात, म्हणजे तो डिस्क ब्रेकच. फक्त चकती चाकाएवढी. उतारावरून ब्रेक दाबत आल्यावर मुलांना ठोकळे हळूच चाचपायला सांगा.

भाच्याच्या गाडीतलं तेल काढलं तेव्हा ते चहासारखं तपकिरी झालेलं होतं. ते बदललं, पॅड नवे टाकले, टायर १८५/६५ आर १५ घेतले. चकत्या जुन्याच आहेत. पुढच्या खेपेला इगतपुरी सुटल्यावर त्याने न सांगता दुसरा गिअर टाकला.