दुकानातल्या लोंबत्या माळा

मंडळी, लोधिवलीच्या किराणा दुकानात तुम्ही जाता तेल-मीठ आणायला. पण गल्ल्यासमोर, ऐन डोळ्यांपुढे शांपूच्या, वेफर्सच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात ना? त्यांना फळी लागत नाही. ओढली की एक पुडी सुटते. सामान बांधून होईतो नजर तिथेच खिळते, पोर हात वर करते, अन् उरलेले पाच रुपये गेलेच!

पुडी वाईटच, असे नव्हे. १९८३ साली तामिळनाडूत कडलूरला ‘चिक’ शांपू पुडीतून निघाला, नि बाटली न परवडणाऱ्या घरांत पोचला. शांपू तर कित्येकदा पुडीतलाच स्वस्त पडतो. खाऊच्या पुडीचे वजन मात्र वाचा. आत हवाच फार. गुरुजी, रिकाम्या पुड्या वर्गात आणवा, नि किलोचा भाव मुलांकडून काढवून घ्या. मग शेंगदाण्याचा भाव शेजारी लिहा.